इंग्रजी वाक्यातला ‘अप’ कोणाचा?

मराठीत शब्दयोगी अव्यय नामाला जोडून लिहितात. ‘टेकडीवर’, ‘घरातून’, ‘पावसामुळे’ असे शब्द वाचताना त्यांतले ‘वर’, ‘तून’ आणि ‘मुळे’ कोणाचे, हा प्रश्नच पडत नाही. इंग्रजीत मात्र ‘अप’, ‘ऑन’, ‘इन’, ‘ऑफ’ हे छोटे शब्द क्रियापद आणि नाम यांच्यामध्ये सुटे उभे असतात. ते अलीकडच्या क्रियापदाशी बांधलेले आहेत की पलीकडच्या नामाशी, हे नुसत्या लेखनावरून कळत नाही. इंग्रजी शिकणारा मराठी माणूस बहुतेक वेळा याच जागी अडखळतो, आणि वाक्य ऐकताना मेंदू काय करतो याचा शोध घेणाऱ्या संशोधकांनाही याच जागेने बरेच काही शिकवले आहे.

‘शी रॅन अप द हिल’ आणि ‘शी रॅन अप द बिल’ ही दोन वाक्ये घेऊ. पहिल्यात ती टेकडीवर धावत गेली. दुसऱ्यात तिने खर्च करून बिल चढवून ठेवले. शब्दांचा क्रम तोच, शेवटच्या शब्दात फरक फक्त एका ध्वनीचा. तरीही दोन्हींची बांधणी निराळी आहे, आणि ती तपासून पाहता येते. ‘अप द हिल शी रॅन’ असे काव्यमय का होईना पण इंग्रजी वाक्य होते, कारण ‘अप’ आणि ‘द हिल’ यांचा एक गट आहे आणि तो गट उचलून पुढे नेता येतो. ‘अप द बिल शी रॅन’ असे कोणीही म्हणणार नाही. उलट ‘शी रॅन द बिल अप’ हे अगदी सहज बोलले जाते, तर ‘शी रॅन द हिल अप’ कानाला चुकीचे लागते. नामाऐवजी सर्वनाम आले की फरक आणखी ठळक होतो: बिलाविषयी बोलताना ‘रॅन इट अप’ असेच म्हणावे लागते, टेकडीविषयी बोलताना ‘रॅन अप इट’ असेच. बोलण्यातला आघातही हेच सांगतो. ‘लुक ॲट इट’ म्हणताना जोर ‘लुक’वर पडतो आणि ‘ॲट’ जवळजवळ गिळला जातो. ‘लुक इट अप’ म्हणताना ‘अप’ ठसठशीत उच्चारला जातो, कारण तिथे तो क्रियापदाचाच अर्धा भाग असतो. अशा जोडक्रियापदांना इंग्रजीत ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात.

या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरी जात आहे आणि माझ्या मते खरी गंमत तिच्यातच आहे. ‘शी डिसायडेड ऑन द ट्रेन’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक, निर्णय घेतला तेव्हा ती गाडीत बसलेली होती. दुसरा, बस की रेल्वे या प्रश्नावर तिने रेल्वेची निवड केली. पहिल्या अर्थात ‘ऑन द ट्रेन’ हे केवळ स्थळ आहे, ते गाळले तरी वाक्य बिघडत नाही. दुसऱ्या अर्थात ‘ऑन’ची निवड ‘डिसाइड’ने केलेली आहे आणि तिथे ‘ॲट’ किंवा ‘इन’ चालत नाही. वाक्य कर्मणी केले की पहिला अर्थ गळून पडतो: ‘द ट्रेन वॉज डिसायडेड ऑन’ याचा अर्थ रेल्वे ठरली, एवढाच होतो. ‘रिलाय ऑन’, ‘डिपेंड ऑन’, ‘लुक आफ्टर’ ही याच जातीची क्रियापदे. त्यांतले अव्यय नामाच्या आधी उभे राहते, पण तिथे कोणते अव्यय यावे हे क्रियापद ठरवते.

म्हणजे प्रत्येक क्रियापद आपल्याबरोबर काही अपेक्षा घेऊन येते. ‘ईट’ला काय खाल्ले एवढे कळले तरी पुरते, कुठे खाल्ले हे सांगणे ऐच्छिक असते. ‘पुट’चे तसे नाही, काय ठेवले आणि कुठे ठेवले, या दोन्हींची उत्तरे मिळाल्याशिवाय ते वाक्य पुरे होऊ देत नाही. ऐकणाऱ्याच्या मनात ही अपेक्षा किती लवकर जागी होते, हे मायकेल टॅनेनहाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसले. सहभागी व्यक्तींच्या डोक्यावर नजरेचा माग घेणारे उपकरण बसवले होते आणि समोर एका टॉवेलवर सफरचंद, शेजारी एक रिकामा टॉवेल आणि एक खोके अशी मांडणी होती. सूचना होती, ‘पुट द ॲपल ऑन द टॉवेल इन द बॉक्स’, म्हणजे टॉवेलवरचे सफरचंद खोक्यात ठेवा. ‘ऑन द टॉवेल’ एवढे कानावर पडताच अनेकांची नजर रिकाम्या टॉवेलकडे गेली. ‘पुट’ला ठिकाण हवे होते आणि पहिला हाती लागलेला गट त्यांनी त्याच्या पदरात टाकला होता. ‘इन द बॉक्स’ आल्यावर तो परत घ्यावा लागला. समोर दोन सफरचंदे ठेवली, तेव्हा मात्र ‘ऑन द टॉवेल’ हे कोणते सफरचंद ते सांगण्यासाठी आहे हे लोकांनी लगेच ओळखले आणि नजर रिकाम्या टॉवेलकडे फारशी भरकटली नाही. याचा अर्थ, व्याकरणाचे काम आधी उरकून मग मेंदू परिस्थितीकडे पाहतो असे नाही, दोन्ही कामे बरोबरच चालतात.

मराठीत ही सूचना देताना असा पेच पडत नाही. ‘टॉवेलवर’ म्हटले की ते क्रियापदाकडे जाते आणि ‘टॉवेलवरचे’ म्हटले की नामाकडे. त्या एका ‘चे’ने मालकी ठरते, आणि ज्या नामाचे ते विशेषण आहे त्याच्या लिंगवचनाप्रमाणे ते बदलतेही. इंग्रजीला ही सोय नाही.

मोठ्या माणसांना जमलेली ही दुरुस्ती लहान मुलांना जमत नाही. जॉन ट्रुसवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली पाच वर्षांच्या आसपासच्या इंग्रजीभाषक मुलांना खेळण्यातला बेडूक देऊन अशीच सूचना केली. अनेक मुलांनी रुमालावरचा बेडूक उचलून आधी रिकाम्या रुमालावर ठेवला. समोर दोन बेडूक असले तरी त्यांना त्याचा फारसा उपयोग झाला नाही. पुढे, २००४ साली जेसी स्नेडेकर आणि ट्रुसवेल यांनी दाखवले की याच वयाची मुले क्रियापदाच्या सवयीवर मोठी भिस्त ठेवतात. ‘टिकल द पिग विथ द फॅन’ म्हटले की ती पंखा उचलून डुकराला गुदगुल्या करतात, कारण ‘टिकल’ला साधनाची सवय असते, ‘चूज द काऊ विथ द स्टिक’ म्हटले की काठीवाली गाय शोधतात. कोणत्या क्रियापदामागून कोणता गट येतो याची नोंद मूल शाळेत जाण्यापूर्वीच करून ठेवते, आणि तीही कोणी न शिकवता.

इंग्रजीत या छोट्या शब्दांवर एवढा भार का पडतो, याचे एक मोठे कारण लेनर्ड टॅल्मी यांनी १९८५ सालच्या लेखनात मांडले. हालचालीचे वर्णन करताना इंग्रजी क्रियापदात रीत सांगते आणि मार्ग बाहेरच्या शब्दावर सोपवते. ‘द बॉटल फ्लोटेड इन्टु द केव्ह’ या वाक्यात तरंगणे क्रियापदात आहे आणि आत जाणे ‘इन्टु’त. स्पॅनिश याच्या उलट चालते आणि मराठीही बव्हंशी तशीच: ‘बाटली तरंगत गुहेत शिरली.’ शिरणे, निघणे, चढणे, उतरणे, ओलांडणे अशी मार्गाची क्रियापदे आपल्याकडे रोजच्या वापरात आहेत. इंग्रजीत हे काम ‘इन्टु’, ‘आउट’, ‘अप’, ‘डाउन’, ‘अक्रॉस’ यांनी करायचे असल्यामुळे ते शब्द क्रियापदाच्या सतत जवळ राहिले, आणि हळूहळू दिशेपलीकडचे अर्थही त्यांना चिकटले. ‘ईट अप’, ‘यूज अप’ यांतल्या ‘अप’ला वर जाण्याशी काही कर्तव्य नाही, तो क्रिया पूर्ण झाल्याचे सांगतो. आपण तेच काम ‘खाऊन टाक’, ‘संपवून टाक’ अशा संयुक्त क्रियापदांकडून करून घेतो. दिशेच्या शब्दाने अर्थ पालटण्याची रीतही मराठीला अगदीच परकी नाही, सभा ‘पुढे ढकलली’ आणि संप ‘मागे घेतला’ असे आपण म्हणतोच.

जुन्या इंग्रजीत यांतले बरेच शब्द क्रियापदाच्या आधी येत. ‘अंडरस्टँड’, ‘विदस्टँड’, ‘ओव्हरकम’ हे त्या काळाचे अवशेष आहेत. मध्ययुगात ते सुटून क्रियापदाच्या मागे गेले. संस्कृतचा प्रवास नेमका उलटा झाला: वेदांच्या भाषेत उपसर्ग धातूपासून दूर, त्याच्या नंतरही येऊ शकत, आणि पाणिनीने त्याची नोंद केली आहे, पुढे ते धातूला कायमचे जोडले गेले. इंग्रजीतल्या या रचनेची अडचण सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ सालच्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत स्पष्ट लिहून ठेवली होती. परकीयांना सर्वाधिक त्रास इथेच होतो, असे त्यांचे म्हणणे होते.

मराठी माणसाच्या चुकाही या दृष्टीने पाहाव्यात, त्या आळसाच्या नसतात. ‘पुण्याला पोहोचलो’ म्हणणारा माणूस ‘रीच्ड टु पुणे’ म्हणतो, कारण पोहोचण्याला ‘ला’ लागतो आणि ‘रीच’ला काहीच लागत नाही. ‘माझं ऐक’ म्हणणारा ‘लिसन मी’ म्हणतो, कारण ऐकण्याला मध्यस्थ लागत नाही आणि ‘लिसन’ला ‘टु’ हवाच असतो. ‘कोप अप विथ’ ही भारतभर ऐकू येणारी चूक वेगळ्या प्रकारची आहे. तिथे ‘कीप अप विथ’, ‘पुट अप विथ’ यांचा साचा मनात पक्का बसलेला असतो आणि त्यात ‘कोप’लाही बसवले जाते. नियम पकडलेला असतो, फक्त या क्रियापदाला तो लागू नसतो. म्हणून अर्थांच्या लांबलचक याद्या पाठ करण्यापेक्षा प्रत्येक क्रियापद सर्वनाम घालून एकदा मोठ्याने म्हणून पाहणे मला अधिक उपयोगी वाटते: ‘पुट इट ऑफ’, पण ‘लुक आफ्टर इट’. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी तयार केलेल्या काही कोशांत ‘पुट ऑफ’सारख्या नोंदीत कर्म आणि अव्यय यांच्यामध्ये दुतोंडी बाण छापलेला असतो; ‘लुक आफ्टर’च्या नोंदीत तो नसतो. कर्म अव्ययाच्या अलीकडे किंवा पलीकडे, कुठेही ठेवता येईल असे तो बाण सांगतो, म्हणजेच तिथले अव्यय क्रियापदाच्या मालकीचे आहे.