जीएसटीची भरपाई आणि आपला मध्यभारत

जीएसटीमुळे राज्यांचं जे उत्पन्न बुडालं त्याची केंद्राकडून मिळणारी भरपाई जून २०२२ ला संपली, तेव्हापासून केंद्र-राज्य भांडण चालूच आहे. बऱ्याच लोकांना वाटतं की "कर आमच्याकडे द्या, तूट आम्ही भरून देऊ" ही आयडिया २०१७ ची. नाही हो, आपल्या इंदूर-ग्वाल्हेरकडे हे सगळं १९५० मध्येच होऊन गेलंय.

त्याआधीचा माळवा आठवा. इंदूर होळकरांचं, तासाभरावरचं उज्जैन शिंद्यांचं, बाजूला देवास, तर तिथेही थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं, आणि प्रत्येकाचा खजिना वेगळा. २८ मे १९४८ ला ही संस्थानं मिळून मध्यभारत हे एक राज्य झालं, जिवाजीराव शिंदे राजप्रमुख (म्हणजे राज्यपालासारखं पद), यशवंतराव होळकर उपराजप्रमुख, राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. मान सांभाळला गेला, पण पैशांचं काय? कस्टम, प्राप्तिकर, रेल्वे सगळं केंद्राकडे गेलं तर राज्य चालवायचं कशावर?

यासाठी कमिटी बसली, अध्यक्ष व्ही. टी. कृष्णमाचारी. हे १९२७ ते १९४४ बडोद्याचे दिवाण होते, म्हणजे संस्थानाची तिजोरी आतून बघितलेला माणूस, आणि मला वाटतं म्हणूनच तोडगा व्यवहारी निघाला: जेवढं उत्पन्न बुडेल तेवढं केंद्रानं सुरुवातीची वर्षं पूर्ण द्यायचं, मग टप्प्याटप्प्यानं कमी करत न्यायचं. १ एप्रिल १९५० पासून हे लागू झालं. अंतर्गत जकात, म्हणजे राज्याच्या हद्दीवर मालावर लागणारा कर, हीही एका झटक्यात बंद नाही केली, त्यासाठी घटनेतच जास्तीत जास्त १० वर्षांची सवलत ठेवली होती. पुढे कृष्णमाचारी नियोजन आयोगाचे उपाध्यक्षही झाले.

कुणाचं गेलं आणि कुणाला मिळालं, हाच प्रश्न चंबळ नदीवरच्या धरण-कालव्यांच्या प्रोजेक्टमध्येही दिसतो. १९५४ मध्ये नेहरूंनी पायाभरणी केली, त्यातलं गांधीसागर धरण १९६० ला पूर्ण झालं. धरण भानपुऱ्याकडे, म्हणजे जुन्या होळकरी मुलखात, जमीन तिथली बुडाली, आणि कालव्याचं पाणी राजस्थानातल्या कोट्याहून फिरून श्योपूर-मुरैना-भिंड या शिंदेशाही भागात येतं. पाणी अन् वीज मध्य प्रदेश आणि राजस्थान या दोन्ही राज्यांत अर्धी-अर्धी. ज्यांची शेतं गेली त्यांना त्या पाण्याचा काय फायदा, हा प्रश्न तेव्हा विचारायलाच हवा होता.

आता परत जीएसटीकडे. जीएसटीचे निर्णय जिथे होतात त्या केंद्र-राज्यांच्या जीएसटी कौन्सिलमध्ये केंद्राचं मत एक तृतीयांश, राज्यांचं दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश मतं लागतात, ही रचना चांगलीच आहे. पण भरपाई मात्र ५ वर्षं, राज्यांचं उत्पन्न दरसाल १४ टक्के वाढलं असतं असं धरून, दिली आणि मग एकदम बंद, १९५० सारखा हळूहळू उतार ठेवलाच नाही, आणि छोट्या राज्यांना खरा फटका तिथे बसला असं माझं स्पष्ट मत आहे.