कोड्यातला शेवटचा तुकडा आणि छापखान्याची शाई

शाईच्या पेटंटवर अमेरिकेत अपील चालतं तेव्हा वाद बहुधा एका प्रश्नावर येतो: या धंद्यातल्या जाणकाराला हे सहज सुचलं असतं का? या प्रश्नाच्या इतिहासातला एक महत्त्वाचा निकाल शाईवरचाच आहे, १९४५ चा.

मासिकांचा गुळगुळीत कागद शाई पीत नाही. वेगाने छापताना ओला मजकूर फासला जाई. झटकन उडणारं द्रावक घालावं, तर शाई रुळांवरच वाळून बसे. अल्बर्ट गेसलर या संशोधकाने ब्यूटिल कार्बिटॉल हे द्रावक वापरलं. खोलीच्या तापमानाला ते जवळजवळ उडतच नाही, १५० अंश सेल्सिअसला भराभर उडतं. कागद तापवला की शाई कोरडी!

पेटंट इंटरकेमिकल कंपनीचं; तिने खटला भरला सिंक्लेअर अँड कॅरोल कंपनीवर. अपिलात इंटरकेमिकल जिंकली, पण सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून पेटंट अवैध ठरवलं. शाईला काय हवं ते ठाऊक होतं, द्रावकाचे गुणधर्मही. न्यायमूर्ती जॅक्सन यांनी लिहिलं की, रसायनांची यादी वाचून ज्ञात गरजेसाठी ज्ञात रसायन निवडणं म्हणजे जिगसॉ कोड्यातल्या शेवटच्या रिकाम्या जागी शेवटचा तुकडा बसवणं. त्यात जास्त कल्पकता नाही. पेटंट हे गुणवत्तेचं प्रशस्तिपत्रक नसून ज्ञान उघड करण्यासाठीचं प्रोत्साहन आहे, असंही त्यांनी बजावलं.

उपमा चपखल आहे, पण मला ती धोक्याचीही वाटते. उत्तर हाती आल्यावर प्रत्येक तुकडा शेवटचाच भासतो. म्हणून खरी तपासणी याची व्हायला हवी, की शोधाच्या दिवशी बाकीचे तुकडे कोणासमोर मांडलेले होते का.

१९४१ मध्ये न्यायालयाने पेटंटसाठी प्रतिभेच्या झळाळीची, म्हणजे अचानक सुचलेल्या असामान्य कल्पनेची, अपेक्षा धरली होती. १९५२ च्या कायद्याने ती मोडीत काढली: शोध कसा लागला यावरून पेटंट नाकारायचं नाही. कसोटी ‘सहज सुचण्या’ची ठरली. ती कशी लावायची, हे १९६६ च्या ग्रॅहम विरुद्ध जॉन डिअर खटल्यात ठरलं: पूर्वीचं ज्ञान, त्यापासूनचा फरक, जाणकाराची पातळी. त्याला व्यावसायिक यश, दीर्घकाळ न भागलेली गरज, इतरांचं अपयश यांची जोड.

२००७ च्या केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स खटल्यात जाणकार यंत्रमानव नसतो, त्याच्याकडेही सर्वसाधारण कल्पकता असते, असं न्यायालय म्हणालं. अनेक पेटंटांतली शिकवण तो कोड्याच्या तुकड्यांसारखी जुळवू शकतो, हेही. म्हणजे कोडं परत आलंच! जॅक्सन यांचा निकाल तर अमेरिकी पेटंट परीक्षकांच्या मार्गदर्शिकेत आजही आहे.