हर्क्युलेनियमच्या घरांवरचं छप्पर कोणत्या काळचं?

इटलीतल्या व्हेसूव्हियस ज्वालामुखीने इसवी सन 79 मध्ये काय केलं, हे शाळेपासून ठाऊक असतं. फरक एवढाच लक्षात ठेवायचा की पॉम्पेई या रोमन शहरावर आधी हलक्या, सच्छिद्र दगडांचा पाऊस पडला आणि त्या भाराने छपरं बसली. जवळच्याच हर्क्युलेनियम या रोमन गावावर तापलेल्या राखेचे नि वायूंचे लोट आले आणि गाव सुमारे 20 मीटर खाली गाडलं गेलं. हवाच न मिळाल्याने लाकूड जळून राख झालं नाही, त्याचा कोळसा झाला. म्हणून इथे दारं, पलंग, पाळणा, माळ्याच्या तुळया मिळतात.

1738 पासून राजाज्ञेने बोगदे खणले गेले ते पुतळ्यांसाठी. भित्तिचित्रं कापून राजवाड्यात नेली. घर कसं होतं याच्याशी कोणाला कर्तव्य नव्हतं. एका घरात चौक आणि आतली खोली यांच्यामध्ये लाकडी पडदी होती. तिचा मधला भाग अशाच एका बोगद्यात गेला. बाजूचे दोन भाग काळेठिक्कर होऊन अजून उभे आहेत, दिव्यांसाठीच्या ब्राँझच्या आधारांसकट.

1828 मध्ये वरून खोदायला सुरुवात झाली, पण आज आपण ज्या गल्ल्यांतून हिंडतो त्यांतल्या बहुतेक 1927 नंतरच्या. घरांवर नवी छपरं चढवावीत का, या वादाचं मूळही तिथेच आहे. उत्खननप्रमुखांनी ठरवलं की भिंत वर आली की लगेच डागडुजी करायची, नव्या तुळया टाकायच्या, कौलं चढवायची आणि सापडलेल्या वस्तू काचेआड त्याच घरांत मांडायच्या. लाकडी चौकट आणि मध्ये दगड-चुन्याची भर असलेलं एक स्वस्तातलं दुमजली घर आहे, पदपथावर सज्जा काढलेलं, वर बहुधा भाडेकरू. ते तर बरंचसं नव्यानेच उभारलेलं. टीकाकार म्हणतात की जुनं कुठे संपतं आणि 1930 चं दशक कुठे सुरू होतं हे पाहणाऱ्याला कळतच नाही, आणि फॅसिस्ट राजवटीला हवं होतं तेच रोम इथे रचलं गेलं. दुसरी बाजू साधी आहे: कोळसा झालेली तुळई उघड्यावर किती पावसाळे टिकेल? मला हीच बाजू अधिक पटते. चौक आभाळाला उघडा, भोवती छताच्या सावलीतल्या खोल्या, उतारावरून पागोळ्यांचं पाणी खालच्या हौदात. वाड्यात वावरलेल्याला हे वेगळं सांगायला नको; पण छप्परच नसेल तर तो चौक नुसता खड्डा दिसतो.

चूक झाली ती सामानात. विसाव्या शतकातल्या दुरुस्त्यांतलं लोखंड गंजून फुगलं, काँक्रीट तडकलं, पन्हळी तुंबल्या. शतक संपेपर्यंत गावाचा दोन तृतीयांश भाग लोकांसाठी बंद होता. 2010 मध्ये पॉम्पेईत एक इमारत कोसळली तेव्हाही महायुद्धानंतर घातलेल्या जड काँक्रीट छताकडे बोट दाखवलं गेलं. हर्क्युलेनियमला 2001 पासून एका परदेशी दानसंस्थेची जोड मिळाली. कामं दिखाऊ नव्हती: गळती थांबवणं, पन्हळी बसवणं, रोमन काळातलीच गटारं उपसून पुन्हा वाहती करणं. 1983 मध्ये बंद झालेलं एक मोठं घर 2019 मध्ये उघडलं.

या सगळ्यात 79 सालचं खरं छप्पर मिळालं ते भलत्याच जागी. 1980 नंतर ज्या किनाऱ्यावर होड्यांच्या गाळ्यांत सुमारे 300 सांगाडे सापडले, तिथेच 2009 च्या सुमारास ओल्या मातीत लाकडांचा ढीग लागला. वरच्या एका श्रीमंत घराचं हे छत लोटाने उडवून किनाऱ्यावर उलटं आपटलं होतं. ओल्या वाळूत पडल्याने त्याचा कोळसाही झाला नव्हता, आणि भूजलात भिजत राहिल्याने ते कुजलंही नाही. तुळयांचे सांधे सुताराने कसे बसवले होते ते त्यावर दिसतं, आणि आतल्या फळ्यांवर रंग अजून आहे.