फियाटचा स्टेअरिंग कॉलम: पॅरिस, डेट्रॉइट आणि कुर्ला

जुनी गाडी हौसेने घेतलेला माणूस इंजिन उतरवायला चटकन तयार होतो, पण स्टेअरिंग कॉलम, म्हणजे चाकाखालचा खांब, काढायचा म्हटलं की पाय मागे घेतो. भीती अगदीच अनाठायी नाही. मुंबईत ज्या जुन्या गाड्या सर्वांत जास्त उरल्या आहेत, त्या फियाट ११०० आणि प्रीमियर पद्मिनीमध्ये स्टेअरिंग, हॉर्न आणि इंडिकेटर तर त्या कॉलमवर आहेतच, वर गिअरही तिथेच. एक नळी सोडवली की निम्मी गाडी मुकी होते. इतकी कामं एका ठिकाणी येऊन कशी बसली, याची कथा मोठी आहे.

अगदी सुरुवातीच्या मोटारींना वळवायला चाक नव्हतं, दांडा होता. १८९४ च्या पॅरिस-रूआँ शर्यतीत आल्फ्रेड वाशेरों याने आपल्या पानार गाडीला गोल चाक बसवलं. पुढच्या काही वर्षांत दांडा मागे पडला आणि चाकाला आधार देणारा खांब, म्हणजे कॉलम, गाडीचा कायमचा भाग झाला. मुंबईत मोटारी आल्या त्या १८९८ च्या सुमारास. पहिल्या मालकांत जमशेटजी टाटांचं नाव घेतलं जातं. त्या पिढीच्या आणि त्यानंतरच्याही गाड्यांत कॉलमवर आणखी भार पडला. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये चाकाखाली डावीकडे स्पार्कची (ठिणगीची) वेळ पुढेमागे करायची दांडी आणि उजवीकडे थ्रॉटलची, म्हणजे वेगाची. शिवाय तिच्या स्टेअरिंगचे गिअर खाली चॅसीवर (गाडीच्या सांगाड्यावर) नसून कॉलमच्या माथ्यावर, चाकाच्या पोटातच असतात. मॉडेल टीचं चाक जड लागत असेल तर पहिल्यांदा तिथलं ग्रीस बघावं.

१९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. फोर्डची जुळणीही या शहरात होत असे. गाड्या सुट्या भागांत बोटीने यायच्या आणि इथे जोडल्या जायच्या. खोक्यातून आलेली गाडी जोडणारा हात ती सोडवायलाही शिकतो, आणि मुंबईतल्या गॅरेजांचं कसब तिथपासून मोजावं असं मला वाटतं. संस्थानिकांच्या रोल्स-रॉइसची वर्णनं पुष्कळ छापून येतात, पण शहराला कामाचं शिक्षण दिलं ते शेवरले, फोर्ड आणि नंतर फियाट या रोजच्या गाड्यांनी.

गिअरची दांडी जमिनीवरून कॉलमवर चढली ती अमेरिकेत. कॅडिलॅकने १९३८ मध्ये ती दिली आणि वर्षभरात इतरांनी उचलली. हेतू साधा होता: पुढचं सीट सलग बाकासारखं ठेवायचं आणि मधे पायात दांडी येऊ द्यायची नाही, म्हणजे पुढे तिघे बसतात. युद्धानंतर युरोपातल्या छोट्या गाड्यांनीही तोच मार्ग धरला. १९५३ मध्ये आलेली फियाट ११०० ही त्यातलीच.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली होती. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज, प्लिमथ, डी सोटो जुळवल्या जात. पन्नाशीच्या दशकात फियाट आली. १९५३ च्या टॅरिफ कमिशनने, म्हणजे सरकारच्या आयात शुल्क आयोगाने, नुसत्या जुळणीवर बोट ठेवलं: भाग इथेच बनवायची योजना नसेल त्यांनी गाशा गुंडाळावा. त्यानंतर १९५४ मध्ये जनरल मोटर्सने शिवडी सोडली. प्रीमियर टिकली. १९६४ मध्ये ११०० डिलाइट आली, आणि हीच गाडी १९७४ पासून पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. तिकडे इटलीत ११०० चं उत्पादन साठच्या दशकातच संपलं, इथे मात्र मूळ आराखडा शतकाच्या अखेरपर्यंत चालला. आयात जवळपास बंद, नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षांची नंबर लावणी. अशा वेळी झिजलेला भाग फेकायचा नसतो, भरून घ्यायचा असतो.

हँड गिअरची, म्हणजे कॉलमवरच्या गिअरदांडीची, यंत्रणा दिसायला सोपी, वागायला खट्याळ. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून दांडी चाकाच्या डाव्या बाजूला. ती आपल्याकडे ओढली किंवा पलीकडे ढकलली की कोणत्या जोडीतला गिअर ते ठरतं, वरखाली केली की तो पडतो. या दोन हालचाली कॉलमच्या बाजूने खाली उतरतात, तिथून छोट्या दांड्यांमार्फत गिअरबॉक्सपर्यंत जातात. प्रत्येक सांध्यात एक बुश, म्हणजे झीज सोसणारं कडं. एकेक बुश केसभर झिजला तरी सगळ्यांची झीज बेरजेत येते, आणि मग दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दोन्ही गिअर मधेच अडकतात. सिग्नलवर काळी-पिवळीचा चालक उतरून बॉनेट उघडतो, हात घालून लिंकेज, म्हणजे त्याच दांड्यांची जोडणी, हलवतो आणि परत येऊन बसतो, हे दृश्य मुंबईकराला नवं नव्हतं. हा दोष गिअरबॉक्सचा समजून बॉक्स उघडायला लावणारे मिस्त्रीही भेटतात. आधी बुश बघायला सांगावं. खर्चात फार मोठा फरक पडतो.

कॉलमच्या इतिहासातला सर्वांत गंभीर भाग मात्र गिअरचा नाही. जुन्या गाड्यांत चाकापासून स्टेअरिंग बॉक्सपर्यंत (स्टेअरिंगच्या गिअरच्या पेटीपर्यंत) सरळ, अखंड पोलादी दांडा असे आणि बॉक्स गाडीच्या पुढच्या भागात. समोरून धडक बसली की बॉक्स मागे सरकतो आणि दांडा भाल्यासारखा चालकाच्या छातीवर येतो. यावर उपाय म्हणून जनरल मोटर्सने १९६७ च्या मॉडेलांपासून दबून आखडणारा कॉलम दिला, आणि १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत त्याबाबतचे सुरक्षा नियम लागू झाले. फियाट ११०० चा आराखडा त्याच्या पंधरा वर्षं आधीचा. जुन्या गाडीचा कॉलम दुरुस्त करताना हे डोक्यात ठेवायला हवं: तो कितीही नीट बसवला तरी आजच्या अर्थाने सुरक्षित होत नाही.

काढण्याच्या कामात घाई हाच शत्रू. आधी बॅटरीची तार सोडायची, नाहीतर हॉर्नची तार कुठेतरी टेकते आणि गल्ली जागी होते. पुढची चाकं सरळ ठेवायची. मधलं हॉर्नचं बटण, त्याखालची स्प्रिंग आणि संपर्काची पट्टी निघाली की नट दिसतो. नट सैल करण्याआधी दांड्यावर आणि चाकाच्या हबवर (मधल्या भागावर) एकाच रेषेत छिन्नीची खूण करायची. चाक दात्यांवर बसतं, एक दाता चुकला तरी परत बसवल्यावर ते तिरकं दिसतं. नट पूर्ण काढू नये. काही आटे ठेवून पुलर (चाक ओढून काढायचं हत्यार) लावला तर चाक एकदम सुटून तोंडावर येत नाही. पुलर नाही म्हणून दांड्याच्या टोकावर हातोडा मारणं हा सर्वांत जुना आणि सर्वांत महागडा उपाय आहे: आटे पसरतात आणि तो मार खालच्या बेअरिंगवर जातो. त्यानंतर इंडिकेटरचा स्विच. जुन्या तारांचं आवरण हात लावताच भुगा होतं, म्हणून प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधलेली बरी. मग डॅशबोर्डखालचा क्लॅम्प आणि गिअरच्या दांड्या.

कित्येक जुन्या गाड्यांत दांडा आणि बॉक्समधला वर्म (आट्यांचा गिअर) एकसंध असतो. तिथे नुसता कॉलम निघत नाही; ड्रॉप आर्म (बॉक्समधून चाकांकडे जोर नेणारा हात) सोडवून, बॉक्सचे चॅसीवरचे बोल्ट काढून सगळं एकत्रच बाहेर घ्यावं लागतं. ड्रॉप आर्मलाही खूण हवीच. कॉलम जमिनीतून जातो तिथला रबर मुंबईच्या पावसाळ्यात आधी कुजतो. त्याखालच्या नळीचा गंज वरून दिसत नाही, त्यामुळे निघालेली नळी खालच्या टोकाकडून तपासावी.

वरचा बुश गेला असेल तर चाक वरखाली हलतं. युद्धापूर्वीच्या काही गाड्यांत तिथे तेलात भिजवलेलं नमद्याचं कडं असतं. लेथवाल्याकडून ब्राँझचा बुश कातून घेता येतो आणि तो टिकतोही. दांड्यालाच खाच पडली असेल तर वेल्डिंगने भरून देणारे पुष्कळ आहेत, पण मी ते कधीच करू देणार नाही. उष्णतेने पोलादाचा गुण बदलतो आणि हा भाग तुटला तर दुसरी संधी नसते. दुसरा चांगला दांडा शोधावा, तोही बारीक तडे उघडे पाडणारं रंगद्रव्य लावून, तपासून मगच घ्यावा.

स्टेअरिंगमधला प्ले, म्हणजे ढिलाई, सगळा कॉलमचा नसतो. टाय रॉड एंड, म्हणजे पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांचे सांधे, हेही त्याला हातभार लावतात आणि बॉक्सही. बॉक्स समोरच्या सरळ स्थितीत जास्त झिजतो, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच धावते. तिथला प्ले घालवायला स्क्रू घट्ट पिळला की वळणाच्या टोकाला स्टेअरिंग जखडतं. थोडा प्ले ठेवणं हेच योग्य.

मुंबईत पद्मिनीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस ती रस्त्यावरून गेली. टॅक्सी धावत होत्या तोवर हँड गिअरचे बुश दुकानात सहज मिळत, कारण रोजचा खप होता. तो खप आता हौशी मालकांवर आहे, आणि तेवढ्यावर दुकान चालत नाही.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. नंबरात व्हीए ही अक्षरं, नोंदणी शुल्क वीस हजार रुपये. चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा ही अट. कॉलमचा त्यात उल्लेख नाही, त्यामुळे हँड गिअर काढून फ्लोअर गिअर बसवणारे अटीतून सुटतात असं समजतात. माझ्या मते त्याने गाडीचा जीवच जातो, आणि बदलही स्वस्त पडत नाही. कुर्ल्याच्या किंवा चोर बाजारातल्या भंगारात फियाटचा कॉलम दिसला तर नुसती नळी उचलू नये. बॉक्स, ड्रॉप आर्म आणि गिअरच्या खालच्या दांड्यांसकट पूर्ण संच मागावा. सुटे भाग नंतर एकमेकांना जुळत नाहीत.