पार्श्वभूमी : डांबरी रस्त्याचा थकवा कोणत्या तापमानाला मोजायचा?

डांबरी रस्त्यावर जाळीदार भेगा दिसल्या, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या भारानं थर थकला, की खापर अवजड वाहनांवर फुटतं. ते अगदीच गैर नाही. पण तोच ट्रक पहाटे किती नुकसान करतो आणि भर दुपारी किती, हे थराच्या तापमानावर ठरतं. शून्य अंशाच्या आसपास १०,००० मेगापास्कलच्या पुढे असलेला डांबर-खडीच्या मिश्रणाचा मॉड्युलस (ताठपणाचं माप) चाळीस अंशांवर हजारेकापर्यंत उतरू शकतो. शिवाय रात्री रस्ता रिकामा असला तरी थर आकसू पाहतो, खालचा पाया त्याला आकसू देत नाही आणि चाकाविनाच ताण साठतो. डांबर ताजं असेल तर हा ताण हळूहळू निवळतो. हवेनं कडक झालेलं जुनं डांबर तो धरून ठेवतो.

चाकाचा ताण आणि थंडीचा ताण यांचा अभ्यास मात्र सुरुवातीपासून वेगवेगळा झाला. १९५० च्या दशकात थकव्याकडे पाहिलं गेलं ते चाकाखाली रस्ता किती दबतो या अंगानं. १९५८ ते १९६० दरम्यान इलिनॉयमधल्या मोठ्या रस्ता-चाचणीत बर्फ वितळण्याच्या दिवसांत नुकसान झपाट्यानं वाढलं, पण त्यामागे मुख्यतः ओली झालेली माती होती. आणि डांबर जुनं व्हायला दोन वर्षं पुरत नाहीत. कॅनडात १९६० च्या दशकात थंडीनं पडणाऱ्या आडव्या भेगांचा माग काढला गेला, तिथे ट्रक जवळजवळ हिशेबातच नव्हते. नुकसानाची बेरीज करायला विमानाच्या धातूंसाठी १९४५ मध्ये मांडलेला नियम उसना घेतला. कोणता भार आधी आला आणि कोणता नंतर, याला त्या नियमात किंमत नाही.

खरी गुंतागुंत झाली १९८७ ते १९९३ या काळात. अमेरिकेतल्या मोठ्या संशोधन कार्यक्रमातून, पेनिट्रेशन (डांबरात सुई किती रुतते) आणि व्हिस्कॉसिटी (डांबराचा घट्टपणा) ही जुनी मापं बाजूला सारून, हवामानाशी जोडलेली पीजी (परफॉर्मन्स ग्रेड) प्रतवारी आली. पीजी ६४-२२ म्हणजे रस्त्याचं तापमान वर ६४ अंश, खाली उणे २२. उन्हात चाकांखाली पडणाऱ्या चाकोऱ्यांसाठी वरचं टोक, आडव्या भेगांसाठी खालचं. इथवर तक्रार करण्यासारखं फार नाही. थकव्यासाठी मात्र मधलं एकच तापमान धरलं : दोन टोकांची सरासरी, अधिक ४. म्हणजे ६४-२२ साठी २५ अंश. कृत्रिमरीत्या जुनं केलेलं बायंडर (खडी धरून ठेवणारं डांबर) त्या तापमानाला हलकेच पिळायचं, आणि जी-स्टार (बायंडरचा ताठपणा) गुणिले साइन डेल्टा (डेल्टा म्हणजे प्रतिसाद किती मागे पडतो तो कोन) ५,००० किलोपास्कलच्या आत यायला हवा.

या आकड्यामागे तर्क आहे. स्ट्रेन (थर किती ताणला जातो ते प्रमाण) ठरावीक असेल तर दर आवर्तनात वाया जाणारी ऊर्जा या गुणाकाराच्या प्रमाणात असते. ऊर्जा कमी तर नुकसान कमी. पण स्ट्रेन साधारण ठरावीक राहतो तो पातळ थरात, जिथे पाया हलेल तसा थर त्याच्यामागे फरफटतो. जाड थरात मिश्रण ताठ असणं फायद्याचं, कारण स्ट्रेनच कमी होतो. म्हणजे जिथे थर जाड आणि वाहतूक दाट, तिथे ही कसोटी नको त्या बाजूला झुकते. त्यात मोजणी इतक्या छोट्या हालचालीवर होते की बायंडरला इजाच होत नाही. इजा न करता थकवा मोजायचा, हे मला कधी पटलेलं नाही.

सगळ्यात अजब परिणाम पुढे दिसला. अवजड वाहतुकीसाठी ग्रेड वर सरकवायची पद्धत रूढ झाली : हवामान ६४ चं, पण मागवायचं ७६-२२. सूत्र तेच राहिल्यानं थकव्याची चाचणी २५ ऐवजी ३१ अंशांवर गेली. जास्त तापमानाला बायंडर मऊ, म्हणून पास होणं सोपं. रस्ता तोच, थंडी तीच, ट्रक वाढलेले, आणि परीक्षा सैल! तापमानाचा चढउतार हाच मूळ प्रश्न होता; सरासरी काढताना नेमका तोच पुसला गेला.

दुरुस्ती झाली, पण तुकड्यातुकड्यांनी. नंतरच्या प्रतवारीत ग्रेड हवामानाचाच ठेवून वाहतुकीसाठी एस, एच, व्ही, ई (साधारण ते अतिजड) ही अक्षरं जोडली. त्यामुळे चाचणी पुन्हा २५ अंशांवर आली. मात्र जड वर्गांसाठी मर्यादा ६,००० पर्यंत ढिली केली.

रस्त्याच्या संकल्पनाच्या (डिझाइनच्या) बाजूला २००४ च्या सुमारास आलेल्या पद्धतीनं थराचं तापमान तासातासाला हिशेबात धरलं, ही मोठीच झेप. पण थंडीच्या भेगा आणि वाहतुकीच्या भेगा तिनेही स्वतंत्र खात्यांतच मांडल्या. दरम्यान वरून खाली जाणाऱ्या भेगांकडे लक्ष गेलं होतं. तळापासून वर चढणाऱ्या भेगेच्या गृहीतकात त्या बसत नव्हत्या. थरात सगळ्यात जास्त तापणारा, सगळ्यात जास्त गारठणारा आणि सगळ्यात लवकर जुना होणारा भाग म्हणजे पृष्ठभाग. चाकाचा ताण आणि थंडीचा ताण तिथे एकत्र येतात.

अलीकडची चर्चा डेल्टा टीसी या आकड्याभोवती फिरते. थंडीत बायंडर फार ताठ होण्याचं तापमान आणि ताण निवळवण्याची क्षमता पुरेशी न उरण्याचं तापमान, यांतला तो फरक. बायंडर जुनं होत जातं तसा हा आकडा ऋण बाजूला सरकतो. उणे ५ च्या खाली गेला की धोक्याची घंटा मानतात. खरवडून काढलेलं जुनं डांबर नव्या मिश्रणात वाढू लागल्यापासून त्याला जास्तच महत्त्व आलं आहे. पॉलिमर मिसळलेल्या बायंडरना मात्र तीच मर्यादा जशीच्या तशी लावावी का, यावरून पुन्हा मतभेद आहेत.