प्रेमातील डावपेच (ऐतिहासिक कादंबरी)

मध्ययुगीन काळात घडणाऱ्या प्रेमकथांमध्ये नायक-नायिकांपैकी एकाने दुसऱ्याचे मन त्याच्या नकळत आपल्या मुठीत ठेवण्याचे प्रकार. गाळून वाचलेले पत्र, पदरचे घालून सांगितलेला निरोप, गळ्याची आण, वेषांतर करून घेतलेली परीक्षा आणि मुद्दाम धरलेला अबोला हे त्यातले नेहमीचे. सवतीने किंवा दरबारातल्या कारभाऱ्याने रचलेले कारस्थान यात मोडत नाही. फसवणाऱ्याचा फसलेल्यावर खरोखर जीव असावा लागतो; कथेची गोम तिथेच आहे.

मराठीत ऐतिहासिक कादंबरी ‘मोचनगड’पासून (१८७१) सुरू झाली, पण हे डाव तिच्याहून फार जुने. ‘गाथासप्तशती’तल्या गोदाकाठच्या प्राकृत गाथांत रुसवेफुगवे, दूती, संकेतस्थळे सगळे आहे. फरक एवढाच, की गाथेतली बाई बहुधा नवऱ्याची लबाडी ओळखून असते आणि सखीजवळ बोलूनही दाखवते. कादंबरीतल्या नायिकेला मात्र लेखक शेवटच्या प्रकरणापर्यंत पत्ता लागू देत नाही.

नाशिकचा परिसर अशा कथांना सोयीचा आहे. देवगिरीच्या आधी यादवांची राजधानी असलेले सिन्नर, मोगली अमलातले गुलशनाबाद म्हणजे खुद्द नाशिक, आणि शहराच्या उत्तरेचा रामशेज. १६८२ मध्ये औरंगजेबाच्या फौजेने रामशेजला वेढा घातला आणि गड कित्येक वर्षे झुंजला. वेढा पडला की दाणागोट्याआधी बातमीचा दुष्काळ पडतो, आणि बातमी ज्याच्या हाती, त्याच्या हाती माणूस. समजा, गडावरच्या मुलीला मोडी वाचता येत नाही. तिच्यावर जीव असलेला शिलेदार थैली उघडतो, माहेरचे पत्र वाचून दाखवतो आणि ‘मातोश्रींची प्रकृती नाजूक, चोरवाटेने निघून यावे’ ही एक ओळ गाळतो. मुलगी गडावरच राहते. तो एक अक्षरही खोटे बोललेला नसतो, म्हणून वाचकही त्याला सहज माफ करतो.

आणेचा डाव याहून उघड. ‘माझ्या गळ्याची आण आहे’ म्हटले की पुढचे बोलणेच खुंटते. नकार देणारी व्यक्ती आपोआप जिवावर उठलेली ठरते.

परीक्षा सर्वांत क्रूर म्हणावी लागेल. नायक स्वतःच्या मरणाची आवई उठवतो, फकिराच्या वेषात परत येतो आणि ती किती रडते ते पाहतो. ती खरी उतरली की मिलन. पण तिने सोसलेल्या रात्रींचा जाब तिला क्वचितच विचारू दिला जातो. नायिका डाव खेळते तेव्हा लेखकाचा न्याय बदलतो. तेच वागणे तिच्या बाबतीत ‘कपट’ ठरते, आणि बहुतेकदा शेवटी तिच्या वाट्याला पश्चात्ताप किंवा विष येते. त्याच्या वाट्याला येते ते रणांगणावरचे मरण. गडावर नौबत झडते, भगवा फडकतो, आणि गाळलेल्या ओळीचा विषय कोणी काढत नाही.