मेक्सिकोची क्रांती अजून सगळ्यांनाच का लागते

2024 ला लोपेझ ओब्रादोर मेक्सिकोच्या प्रेसिडेंटच्या खुर्चीवरून उतरले तेव्हा त्यांची पॉप्युलॅरिटी जबरदस्त होती, त्यांच्या मोरेना पार्टीने नुकतंच इलेक्शन मारलं होतं, तरी सहा वर्षं झाली म्हणून गपचूप घरी गेले. क्लाउदिया शाइनबाउम तिथल्या पहिल्या महिला प्रेसिडेंट झाल्या, त्यांनाही सहाच वर्षं. तिथे कितीही मोठा नेता असू दे, दुसरी टर्म नाही म्हणजे नाही. हे कुठून आलं ते बघायचं तर 1910 पर्यंत मागे जावं लागतं.

पोर्फिरिओ दियाझ 1876 ला सत्तेवर आला तोच मुळी 'पुन्हा निवडणूक नको' असं ओरडत, आणि मग मधली चार वर्षं मित्राला खुर्ची देऊन 1911 पर्यंत स्वतःच बसून राहिला. रेल्वे आली, परदेशी पैसा आला, तेल कंपन्या आल्या, पण गावकीच्या जमिनी बड्या जमीनदारांच्या घशात गेल्या, मोरेलोस भागात तर उसाच्या मळ्यांनी गावंच्या गावं गिळली. 1908 ला एका अमेरिकन पत्रकाराला म्हणाला आता मी रिटायर होतो, विरोधी पक्षाचं स्वागत आहे. लोकांनी ते खरं मानलं! 1910 ला ऐंशीच्या घरातला हा गडी परत उभा राहिला आणि समोरचा उमेदवार फ्रान्सिस्को मादेरो याला जेलमध्ये टाकून जिंकला पण. मादेरो चांगल्या श्रीमंत घरातला, सरळमार्गी माणूस. सुटून अमेरिकेत गेला आणि त्याने जाहीर केलं की 20 नोव्हेंबरला संध्याकाळी 6 पासून बंड करा. तारीख आणि टायमिंग आधी सांगून केलेलं बंड हे असं, तरी मे 1911 मध्ये दियाझ पॅरिसची बोट पकडून गेला.

गंमत इथून पुढे आहे. मादेरोला हवं होतं स्वच्छ इलेक्शन, मोरेलोसच्या एमिलियानो झपाटाला हवी होती जमीन, दोघांना एकच क्रांती कशी पुरणार? 1913 ला जनरल उएर्ताने सत्ता बळकावली, मादेरोला गोळ्या घातल्या. मग क्रांतीतले बाकीचे नेते, कारान्सा, पांचो विया, ओब्रेगोन, झपाटा, सगळे उएर्ताच्या विरोधात उठले, तो पळाला आणि हे एकमेकांवर उलटले. झपाटाला 1919 मध्ये कारान्साच्या माणसांनी दगा देऊन मारलं. कारान्सा 1920 मध्ये ओब्रेगोनच्या बाजूच्या बंडात मारला गेला, वियाला 1923 मध्ये गाडीत गोळ्या घातल्या. एकदा प्रेसिडेंट होऊन गेलेल्या ओब्रेगोनने घटनेतली पुन्हा निवडून यायची बंदी बदलून घेऊन परत निवडणूक जिंकली आणि 1928 मध्ये खुर्चीवर बसायच्या आधीच रेस्टॉरंटमध्ये त्याचा खून झाला. पुढे ती बंदी परत घटनेत आली, आणि ती कुणा प्रेसिडेंटला मोडता आलेली नाही.

यातला कारान्सा, विया आणि मादेरो आज मेक्सिको सिटीत क्रांतीच्या एकाच स्मारकात पुरलेत. विया आणि कारान्सा तर जिवंतपणी एकमेकांशी लढले. आणि ते स्मारक म्हणजे दियाझनेच काढायला घेतलेल्या पार्लमेंटच्या बिल्डिंगचा अर्धवट राहिलेला घुमट. माझ्या मते या क्रांतीचं पुढचं सगळं राजकारण या एका इमारतीत दिसतं, भांडण मिटवायचं नाही, सगळ्यांना एका छपराखाली आणायचं आणि वारस म्हणून आपलं नाव लावायचं.

1929 ला माजी प्रेसिडेंट कायेसने पार्टी काढली ती यासाठीच. जनरल लोकांनी आपसात गोळ्या घालण्यापेक्षा आत बसून वाटून घ्यावं. दोनदा नाव बदलून 1946 ला तिची पीआरआय (इन्स्टिट्यूशनल रिव्होल्यूशनरी पार्टी) झाली आणि 2000 पर्यंत सलग हीच पार्टी सत्तेत. माणूस दर सहा वर्षांनी बदलायचा, पुढचा कोण ते आधीचा बोट दाखवून ठरवायचा. म्हणजे हुकूमशहा नको हे क्रांतीने शिकवलं, पण पार्टी मात्र सत्तर वर्षं बसली. 1968 ला याच क्रांतिकारी म्हणवणाऱ्या सरकारने मेक्सिको सिटीतल्या त्लातेलोल्कोच्या चौकात स्टुडंट्सवर गोळ्या झाडल्या.

सगळंच ढोंग होतं असं पण नाही हां. 1917 च्या घटनेत आठ तासांचा कामाचा दिवस, संपाचा हक्क, जमिनीखालचं तेल देशाचं, हे सगळं लिहिलंय, रशियातल्या ऑक्टोबर क्रांतीच्या आधी. प्रेसिडेंट कार्देनासने 1934 ते 1940 मध्ये जवळपास 1.8 कोटी हेक्टर जमीन गावांना वाटली आणि 18 मार्च 1938 ला परदेशी तेल कंपन्या सरकारजमा केल्या, कंपन्यांना द्यायच्या भरपाईसाठी बायका दागिने आणि कोंबड्या घेऊन आल्या होत्या.

आणि कल्चर! 1921 ला शिक्षणखातं निघालं, वाचता न येणाऱ्या लोकांना इतिहास कसा सांगायचा तर सरकारी भिंती रंगवा. दिएगो रिव्हेरा, ओरोस्को, सिकेरोस, तिघेही चित्रकार त्या भिंतींवर चढले. ओरोस्कोने तर क्रांतीचीच खिल्ली उडवली आणि ती सरकारी पैशावर रंगवली, हे मला फार आवडतं. इथे आपला पण एक माणूस भेटतो. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, इंग्रजांविरुद्धच्या गदर चळवळीतले, फिरत फिरत 1924 मध्ये मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या शेती कॉलेजात शिकवायला लागले. मका-गव्हाच्या वाणांवर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. रिव्हेराने शिक्षणखात्याच्या भिंतीवर लोकांना भाकरी वाटणाऱ्या माणसाला चेहरा दिला तो खानखोज्यांचा. वर्ध्या-नागपुरात किती जणांना माहितीये कुणास ठाऊक.

जमिनीचं प्रकरण मात्र मिटलंच नाही. 1992 ला सालिनासने घटनेचं कलम 27 बदलून गावकीची जमीन विकायची वाट मोकळी केली, स्वतःला क्रांतीचा वारस म्हणवणाऱ्या पार्टीचाच प्रेसिडेंट. 1 जानेवारी 1994 ला, अमेरिका-कॅनडाशी व्यापार करार लागू झाला त्याच दिवशी, दक्षिणेतल्या चियापास राज्यात आदिवासी बंदुका घेऊन उठले आणि त्यांनी नाव काय घेतलं तर झपाटाचं. 2019 मध्ये लोपेझ ओब्रादोर सरकारने झपाटाच्या खुनाला शंभर वर्षं झाली म्हणून ते वर्षच त्याच्या नावाने जाहीर केलं, सरकारी कागदांवर त्याचं चित्र छापलं. त्याच वर्षी त्याच्याच मोरेलोसमध्ये थर्मल प्लांटला विरोध करणारे गावकरी सरकारविरुद्ध झपाटाचंच नाव घेत होते. विरोधी पक्षात असताना लोपेझ ओब्रादोर स्वतः त्या प्लांटच्या विरोधात बोलले होते, सत्तेत आल्यावर म्हणाले प्लांट पूर्ण करायचा.